पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपल्या सासऱ्यांचे चार खणांचे लिहिण्याचे मेज, त्यासोबतची वेताची खुर्ची आणि वेळोवेळी रंगाचे थर चढलेले एक छोटे कपाट अशा तीन वस्तू आपल्याकडे आल्या आहेत. मेजावर पेल्यांची पांढरी वर्तुळे उमटली आहेत, उजव्या कोपऱ्यात शाईचा काळा डाग आहे, वरच्या फळीला बारीक चीर गेली आहे आणि मागचा एक पाय डुगडुगतो. मुलाला हे मेज संगणकासाठी हवे आहे, सुनेला कपाट दीड वर्षांच्या नातवाच्या कपड्यांसाठी हवे आहे आणि शेजाऱ्यांनी सगळ्याला अळशीचे तेल चोळण्याचा सल्ला दिला आहे. आपण उसने आणलेले सँडिंग मशीन एका खणाच्या दर्शनी फळीवर जेमतेम मिनिटभर फिरवले, तेवढ्यात तिथे तळहाताएवढा फिकट, वेगळ्याच लाकडाचा पट्टा उघडा पडला. ‘आता सगळेच पांढरे रंगवून टाकू का?’ असे आपण विचारता, आणि आपल्या हातून वस्तू बिघडली ही बोचणी त्या प्रश्नामागे दिसते.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. मेज रंगवू नका; ते मुळीच वाया गेलेले नाही. खुर्चीला फार काही करावे लागेल असे वाटत नाही. कपाट खुशाल रंगवा, परंतु त्याची एक तपासणी केल्याशिवाय त्याला पॉलिश पेपर लावू नका आणि ते नातवाच्या खोलीत नेऊ नका. कपाटाविषयी मी पुढे सविस्तर लिहिले आहे, आणि या पत्रातला तो भाग सर्वांत महत्त्वाचा आहे असे समजावे.

आता तो फिकट पट्टा. मेजाच्या खणांची दर्शनी बाजू साध्या लाकडावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवून केलेली आहे. हल्लीचे व्हिनियर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते. जुने त्याहून जाड असले तरी आधीच्या घासकामाने झिजलेले असू शकते. मशीनखाली ते पाहता पाहता संपते आणि खालचे लाकूड वर येते. अनुभवी कारागिरांच्या हातूनही हे होते. त्या जागी गेलेला पापुद्रा परत आणता येत नाही, पण तिथे दोन गोष्टी करता येतात. पट्टा लहान असेल तर तो आजूबाजूच्या रंगाशी मिळवून घ्यायचा: आधी पॉलिशचा एक पातळ हात द्यायचा, तो वाळल्यावर बारीक कुंचल्याने पाण्यातल्या रंगांनी लाकडाच्या रेषा ओढायच्या आणि त्यावर पुन्हा पॉलिशचा हात देऊन त्या बंद करायच्या. रंग जुळवताना एक युक्ती ध्यानात ठेवा. कोरड्या लाकडाचा रंग पॉलिशखाली टिकत नाही, तो गडद होतो. म्हणून उघड्या लाकडावर ओले फडके फिरवून पाहा. ओले असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर दिसणार असतो.

दुसरा मार्ग व्हिनियरचे ठिगळ लावण्याचा आहे. तो मार्ग निवडलात तर ठिगळ चौकोनी कापू नका. लाकडाच्या रेषांना आडवा गेलेला काप कितीही नेटका असला तरी डोळ्यांना टोचतो. दोन्ही टोकांना निमुळते, होडीच्या आकाराचे ठिगळ रेषांच्या दिशेने बसवले तर त्याच्या कडा त्या रेषांमध्ये मिसळून जातात. हे काम मात्र धारदार पातीचे आणि सरावाचे आहे. पहिल्याच खेपेस आपण रंग मिळवण्याचा मार्ग घ्यावा असे मी सुचवेन, कारण तो जमला नाही तर पुसून पुन्हा करता येतो. पुसता येईल, उलटवता येईल अशाच गोष्टी आधी करायच्या, याच हिशेबाने मी बाकीचे कामही सांगते आहे.

मेजावर कोणते पॉलिश आहे हे कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. मागच्या पायाच्या आतल्या बाजूस, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबा आणि बोटाने हलकेच चाचपून पाहा. थर मऊ व चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे. लाख ही एका किड्याने फांदीवर सोडलेली राळ असते. तिचा चपडा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि कितीही वर्षांनी पुन्हा स्पिरिट लागले की पुन्हा विरघळतो. स्पिरिटने काहीच झाले नाही तर शेजारी थिनरचा थेंब टाका. त्याने थर विरघळला तर ते लॅकर आहे. दोन्ही थेंबांना दाद न देणारा थर बहुधा मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन अशा कृत्रिम पॉलिशचा असतो. आपल्या पत्रातील वर्णनावरून, विशेषतः पांढऱ्या वर्तुळांवरून, आपले मेज लाखेचे असावे असा माझा अंदाज आहे. तरी थेंबाची परीक्षा घ्याच.

कारण लाखेचे निघाले तर आपले निम्मे काम हलके झाले. पांढरे वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. तो लाकडापर्यंत पोचलेला नसतो. कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, त्याला स्पिरिटचे चार थेंब लावा आणि तो मनगटाच्या मागे टेकवून पाहा: गार लागला पाहिजे, पण ओल राहता कामा नये. आता हा बोळा वर्तुळावरून सरळ पुढे फिरवत न्या. हात आधीच चालता ठेवून बोळा टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा, एका जागी क्षणभरही थांबायचे नाही, कारण थांबलेला बोळा थर ओढून काढतो. तीन-चार फेऱ्यांत वर्तुळाची कड धूसर होऊ लागते, मग मधला भाग पारदर्शक होतो, आणि इतकी वर्षे मुकाट बसलेले लाकूड खालून वर येते. मी हे पुष्कळदा केले आहे, तरी त्या क्षणी अजूनही श्वास रोखला जातो. एकदा फेऱ्या झाल्या की तासभर थांबा आणि मगच पुन्हा हात लावा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास कोणतीही ज्योत नको. स्पिरिट पेट घेते आणि त्यात मिसळलेले पदार्थ विषारी असतात.

शाईचा डाग निराळ्या जातीचा आहे. काळा डाग लाकडात उतरलेला असतो. लाकडातले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य आणि शाईतले किंवा पाण्यासोबत आलेले लोह यांच्या संयोगातून तो होतो. ऑक्झॅलिक आम्लाने तो फिका करता येतो, पण त्यासाठी तिथले पॉलिश उतरवावे लागते, द्रावण सबंध फळीवर सारखे लावावे लागते, कारण फक्त डागावर लावले तर त्या जागी फिकट ठिपका उरतो, आणि नंतर फळी स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसून काढावी लागते. हे आम्ल विषारी आहे, आणि वाळून राहिलेले त्याचे कण घासताना नाका-डोळ्यांना झोंबतात. एवढा खटाटोप कशासाठी करायचा, हे आपण स्वतःलाच विचारून पाहावे. आपले सासरे पन्नास वर्षे ज्या कोपऱ्यात दौत ठेवत असत तो हा कोपरा आहे, असे आपणच लिहिले आहे. मी आपल्या जागी असते तर तो डाग तसाच ठेवला असता आणि त्यावर पॉलिशचा हात देऊन तो जपला असता.

वरच्या फळीतली चीर पुट्टीने बुजवण्याचा मोह आवरा. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेला फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीच्या दिशेला मात्र ते जवळजवळ हलत नाही. मेजाच्या रुंदीची फळी वर्षभरात काही मिलिमीटर सरकू शकते. या चिरेत कडक पुट्टी भरली तर फळी फुगण्याच्या दिवसांत ती पुट्टी पाचरीसारखी काम करते आणि चीर आणखी लांबवते. त्याऐवजी मेज उलटे करून फळी सांगाड्याला कशी धरली आहे ते पाहा. पूर्वीचे जाणते सुतार फळीला सरकायला वाव मिळेल अशी लांबट भोके ठेवत किंवा खाचेत अडकणारे लाकडी ठोकळे वापरत. नंतर कोणीतरी ती फळी खिळ्यांनी किंवा आवळलेल्या स्क्रूंनी जखडली असेल, तर चिरेचे कारण तेच असण्याची दाट शक्यता आहे. ते स्क्रू सैल करा, भोके आडवी लांबवा आणि एक पूर्ण वर्ष चिरेकडे लक्ष ठेवा. पुष्कळदा ती आपोआप मिटत येते.

मेज उलटे कराल तेव्हा चारही खण बाहेर काढून त्यांची मागची बाजू अवश्य पाहा. माझ्याकडे आलेल्या एका मेजाच्या खणांवर सुताराने पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे घातले होते आणि तेच आकडे आतल्या सांगाड्यावरही होते. अनेक वर्षे खण अडकतात म्हणून तक्रार होती, आणि प्रत्यक्षात दोन आणि तीन यांची कधीतरी अदलाबदल झालेली होती. ते जागच्या जागी घातल्यावर खण हाताच्या एका बोटाने सरकू लागले. तसे काही नसेल तर घासणाऱ्या कडांवर पांढरी मेणबत्ती चोळली तरी पुरते.

डुगडुगत्या पायाला खिळा ठोकू नका आणि लोखंडी कोनही लावू नका. खिळ्याने सांधा घट्ट होत नाही, फक्त पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकूड फुटते. सांधा सैल होतो तो आतला जुना सरस कोरडा पडून तुटल्यामुळे. म्हणून सांधा पूर्ण उघडा, लाकडी मोगरीने, मध्ये फळकूट धरून, हलके ठोके देत. अडला तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर तासभर गुंडाळून ठेवा. जनावरांच्या चामड्या-हाडांचा सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, आणि जुन्या फर्निचरची दुरुस्ती शक्य होते ती मुख्यतः त्याच्या या गुणामुळे. आतील जुना गोंद खरवडून व पुसून काढल्याशिवाय नवा लावू नका. ही चूक मी स्वतः केली आहे: एका खुर्चीच्या सांध्यात जुन्या थरावरच नवा पांढरा गोंद ओतला, शिकंजा लावला, दुसऱ्या दिवशी ती खणखणीत वाटली आणि वर्षभरात पुन्हा उघडली, कारण पांढऱ्या गोंदाला धरायला लाकूड मिळालेच नव्हते. शिकंजा नसेल तर पायांभोवती दोरीचे दोन वेढे घालून त्यात काठी खुपसा आणि ती पिळत जा. दोरी आवळली की काठी अडकवून ठेवा. गोंद ओला असतानाच सांगाड्याचे दोन्ही कर्ण फितीने मोजा. ते सारखे भरले तर मेज काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून आत्ताच सरळ करा. मग चोवीस तास त्याला हात लावू नये.

तेलाबद्दल आपल्या शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण लाखेवर अळशीचे तेल मुरत नाही. ते वर चिकट थर धरून धूळ ओढते. शिवाय त्यात एक धोका आहे जो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. अळशीचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि कोणी काडी न लावता फडकी पेटतात. आपण तेल कुठेही वापरलेच असेल, तर ती फडकी आजच घराबाहेर एकेक करून सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मेजाला शेवटी जे द्यायचे ते लाखच. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवून गाळून घ्या आणि जुना थर मऊ फडक्याने पुसून त्यावरच तीन-चार पातळ हात द्या. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते, त्यामुळे जुने खरवडण्याची गरज उरत नाही. द्रावण लागेल तेवढेच करा, फार महिने ठेवलेली लाख नीट वाळत नाही. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचा एक हात पुरेसा आहे. बाजारी फवाऱ्यातले चकचकीत द्रव टाळा. त्यांतले सिलिकॉन लाकडात शिरले तर पुढच्या पॉलिशला खळगे पडतात. लाखेला गरम भांडे आणि ओला पेला सोसत नाही, तेव्हा मुलाला एक जाड चटई द्यावी.

संगणकाच्या तारांसाठी वरच्या फळीला भोक पाडण्याची कल्पना मला अजिबात मान्य नाही. मागच्या बाजूची पातळ फळी काढून जपून ठेवा, तिच्या जागी नवी प्लायवूडची फळी बसवा आणि हवी तेवढी भोके त्या नव्या फळीला पाडा. लिहिण्याची मेजे साधारण ७२ ते ७६ सेंटिमीटर उंच असतात, आणि टंकलेखनासाठी ती उंची अनेकांना थोडी जास्त वाटते. म्हणून कोणी मेजाचे पाय कापण्याचे सुचवील. खुर्चीवर गादी आणि बसणाऱ्याच्या पायांखाली ठोकळा, एवढ्याने ते भागते.

वेताची खुर्ची: बैठक खाली झोळ पडल्यासारखी झाली असली तरी वेताचा एकही धागा तुटलेला नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने वेत पूर्ण ओला करा आणि वाऱ्यावर वाळू द्या. वाळताना तो आवळतो. धागे तुटले असतील तर विणकाम नवेच करावे लागेल, आणि ते वेतकाम करणाऱ्याकडेच द्यावे.

आता कपाट. त्यावर तीन-चार रंगांचे थर आहेत आणि सर्वांत खालचा थर किमान पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, असे आपण लिहिले आहे. त्या काळात तेलरंगात शिसे सर्रास घातले जात असे. शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून ज्ञात नाही. दीड वर्षांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, फळीची कड चावते, जमिनीवरची धूळ हाताने उचलते. हे कपाट आपण कोरडे घासले असते तर ती धूळ घरभर पसरली असती. आपण मशीन आधी मेजाकडे नेले आणि कपाटाकडे नाही, याचे मला फार मोठे समाधान आहे.

तेव्हा रंगाचा एक पोपडा, सर्व थरांसकट, प्रयोगशाळेत तपासायला द्या. घरगुती तपासणीच्या कांड्या मिळतात, पण मुलाचा प्रश्न आहे म्हणून प्रयोगशाळेचा अहवालच खरा धरावा. शिसे निघाले तर हे कपाट नातवासाठी वापरू नका. वरून नवा रंग दिला की शिसे झाकले जाते हे अर्धेच खरे आहे: दरवाजाची कड चौकटीला जिथे घासते तिथे नवा रंग झिजतो आणि जुना पुन्हा वर येतो. ते घासू नका, ज्योतीने किंवा तापवून रंग सोलू नका. काढायचाच असेल तर हे काम जाणणाऱ्या व्यक्तीकडे, घराबाहेर होऊ द्या. रंग काढण्याची रसायने घेताना डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिले असेल तर तो डबा परत ठेवा. बंद खोलीत त्याच्या वाफेने कामगारांचे जीव गेलेले आहेत, आणि शरीरात त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते.

शिसे नसेल तर काम सोपे आहे. खालच्या कप्प्यात बारीक पिठासारखी भुकटी पडते असे आपण लिहिले आहे, म्हणून आधी सगळी भोके झाडून काढा, खाली काळा कागद पसरा आणि काही आठवडे पाहा. कागदावर नवी भुकटी पडली तर भुंगा अजून जिवंत आहे. मग उघड्या लाकडाला बोरॉनयुक्त औषध लावल्याशिवाय रंग देऊ नका, कारण रंगाच्या थरातून ते आत मुरत नाही. त्यानंतर कपाट साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा, २२० नंबरच्या पेपरने पाणी लावून फक्त चकाकी मोडा, प्रायमरचा एक हात आणि पाण्यावर आधारलेल्या रंगाचे दोन पातळ हात द्या. रंग काही तासांत कोरडा लागतो, परंतु आतपर्यंत पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर दरवाजे बंद ठेवले तर ते चौकटीला चिकटतात आणि उघडताना रंग उपटतो. नातवाच्या खोलीत ठेवताना कपाट लोखंडी पट्टीने भिंतीला स्क्रूने आवळा. मुले खण पायऱ्यांसारखे ओढून वर चढतात आणि कपाट त्यांच्या अंगावर येते.

साध्या लाकडाची धूळसुद्धा निरुपद्रवी नसते. कठीण लाकडाची धूळ वर्षानुवर्षे नाकात गेल्याने नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे, म्हणून घासताना चांगला मास्क लावा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

सुरुवात मेजापासून करू नका. रंगाचा पोपडा आजच तपासायला पाठवा, अहवाल येईपर्यंत खुर्चीचा वेत ओला करून वाळवा, आणि मग स्पिरिटचा बोळा आधी मेजाच्या बाजूच्या फळीवर चालवून हात बसवून घ्या. वर्तुळांकडे त्यानंतर वळा. अहवालात काय आले ते मला अवश्य कळवा. कपाटाचे पुढे काय करायचे, याविषयी मी पुन्हा लिहीन.